अंग बाहेर येतं? लाज सोडू, त्रास कमी करू



गटाच्या बैठकीत आपण हप्त्याचं बोलतो, व्याजाचं बोलतो, शेळी आजारी पडली तर तेही बोलतो. पण एक दुखणं असं आहे की त्याचा विषय निघाला की आवाज खाली जातो. 'खाली जड वाटतं गं', 'काहीतरी उतरल्यासारखं होतं', एवढंच कोणीतरी शेजारणीच्या कानात सांगते. कुठे त्याला अंग बाहेर येणं म्हणतात, कुठे मायांग उतरणं, तर कुठे पिशवी खाली सरकणं. आजचा पाठ त्यावर आहे. दोन गोष्टी आधीच सांगते. हा कॅन्सर नाही आणि कुणाचं पाप नाही. गप्प बसून सोसणं आणि पिशवी काढून टाकणं, या दोन टोकांच्या मधे बऱ्याच पायऱ्या आहेत. त्यातल्या काही तर आज घरीच सुरू करता येतात.

हे होतं कशानं?

आपल्या ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. लघवीची पिशवी, गर्भाशय आणि शौचाचा मार्ग तिच्या आधारानं जागेवर राहतात. बाजेची सुंभ सैल पडली की झोपणारा खाली झुलतो, तसंच इथं होतं. झोळी सैल पडली की वरचं अंग खाली येतं. कधी गर्भाशय उतरतं, कधी लघवीची पिशवी, कधी मागची बाजू. बाळंतपणं, लांबलेली कळ, बाळंतपणानंतर लगेच उचललेली ओझी, जुना खोकला, रोजचं कुंथणं आणि पाळी गेल्यावर स्नायूंना येणारा सैलपणा ही त्याची मुख्य कारणं.

सकाळी बरं वाटतं आणि संध्याकाळी जड होतं, ही याची खूण. दिवसभर उभं राहून, वाकून, उचलून झोळीवर भार येतो. रात्री आडवं झालं की अंग वर सरकतं.

एकटीचं दुखणं नाही

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. १९८९ साली ते काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत छापून आलं. शंभरातल्या ९२ जणींना बायकांचा कोणता ना कोणता आजार निघाला. हे सगळे आजार मिळून आहेत, फक्त अंग बाहेर येण्याचे नाहीत. पण पुढचा आकडा लक्षात ठेवा. त्याआधी तपासून घेतलेल्या बाया शंभरात फक्त ८ होत्या. म्हणजे दुखणं घरोघरी होतं आणि सांगणारी क्वचितच एखादी.

डिलाईल रोडवरच्या बायांकडून काय घ्यायचं?

आपल्यापैकी कितीतरी जणींचं मुंबईतलं ठिकाण म्हणजे डिलाईल रोड, आजचा ना. म. जोशी मार्ग. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून आपली माणसं गिरणीत गेली आणि तिथल्या चाळींत राहिली. बी.डी.डी. चाळीत खोली एका कुटुंबाची, पण संडास मजल्यावर सगळ्यांना मिळून. गिरणगावातल्या कितीतरी बाया पाळीवरून येणाऱ्या कामगारांची खानावळ चालवायच्या. भाकऱ्या थापायच्या, पाणी भरायचं, जड पातेली उतरवायची. गावात डोक्यावर मोळी, तिथं हातात पातेलं. अंगावरचा भार सारखाच.

याच खानावळवाल्या बायांना घेऊन प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. तोवर सावकाराचं देणं ही घरात झाकून ठेवायची गोष्ट होती. बाया एकत्र बसून ती उघड बोलल्या, तेव्हा बँकेच्या कर्जाची वाट निघाली. आपले गटही त्याच वाटेचे. मग देण्याबद्दल बोलता येतं, तर दुखण्याबद्दल का नाही?

रोजचा त्रास कमी करायला

१. दुपारी आडवं व्हा. जेवणानंतर १५-२० मिनिटं पाठीवर झोपा आणि कमरेखाली उशी किंवा घडी केलेलं गोधडं घ्या. जडपणा लगेच हलका होतो. 'दिवसाची झोपते' असं कोणी म्हटलं तर हा पाठ वाचायला द्या.

२. बाहेर आलेलं अंग आत सारणं. नखं कापलेली असू द्या. हात साबणानं धुवा. पाठीवर झोपून गुडघे दुमडा आणि श्वास सोडत बोटांनी हलकेच आत सारा. दुखत असेल किंवा जात नसेल तर जोर लावू नका, दवाखाना गाठा.

३. धुवायचं कसं? बाहेरून साध्या पाण्यानं, दिवसातून एक-दोनदा. मग मऊ सुती कपड्यानं टिपून घ्या, घासू नका. आत साबण, डेटॉल, तुरटी किंवा कसलाही पाला घालायचा नाही. त्यानं अंग आवळत नाही, उलट कातडी भाजते आणि जखम होते.

४. घर्षण टाळा. चालताना अंग कपड्याला घासतं आणि सोलवटतं. सुती, मऊ, नीट बसणारी चड्डी घाला. आत धुऊन उन्हात वाळवलेली सुती घडी किंवा पॅड ठेवा, ओलं झालं की बदला. बाहेरच्या कातडीला थोडं व्हॅसलीन किंवा खोबरेल लावलं तर घासणं कमी होतं. पाळी गेलेल्या बाईला आत कोरडेपणानं आग होत असेल तर त्यावर मलम मिळतं, पण ते डॉक्टरांना विचारूनच.

५. लघवी दाबून धरू नका. पाणीही कमी पिऊ नका. चाळीत संडासाची रांग, गावात आडोसा नाही आणि एस.टी. मधे थांबत नाही, म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. मग लघवी जळजळते आणि शौच कडक होतं. लघवी पूर्ण झाली नाही असं वाटलं तर उठून उभ्या राहा, दोन पावलं टाका आणि पुन्हा बसा. अंग पुढे आल्यामुळे लघवी अडत असेल तर धुतलेल्या बोटांनी ते हलकेच वर करा.

६. कुंथायचं नाही. भाकरीबरोबर पालेभाजी, मोडाची कडधान्यं आणि पेरू-पपईसारखं फळ खा. तरी जमलं नाही तर रात्री इसबगोल घ्या आणि वर भरपूर पाणी प्या. कमोड असेल तर पायाखाली पाट ठेवा. शौचाला बसल्यावर बाहेर आलेल्या भागाला तळहातानं आधार दिला तर बरं पडतं.

७. ओझं वाटून घ्या. एका भरल्या हंड्याऐवजी दोन अर्ध्या कळश्या आणा. उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघे दुमडा. ओझं अंगाशी धरा आणि उचलताना श्वास सोडा. श्वास रोखून उचललं की सगळा जोर खाली जातो. घरात पोरगा आहे, नवरा आहे. पाणी भरणं फक्त बाईचं काम आहे असं कुठं लिहिलेलं नाही. नव्या बाळंतिणीला तर दीड महिना जड उचलू देऊच नका. पुढचा त्रास तिथंच टळू शकतो.

८. खोकला अंगावर काढू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. तंबाखू-मिश्री सोडा.

कोणाला न कळणारा व्यायाम

वारा आणि लघवी एकाच वेळी रोखायची आहे, असं समजून खालचे स्नायू आत आणि वर ओढा. पाच आकडे मोजेपर्यंत धरा, मग तेवढाच वेळ सैल सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. सवय झाली की दहा आकड्यांपर्यंत न्या. पोट, मांड्या घट्ट करायच्या नाहीत आणि श्वास रोखायचा नाही. भाकरी थापताना किंवा एस.टी.ची वाट बघतानाही करता येतो. लघवी करताना मधेच धार थांबवून मात्र हा व्यायाम करू नका.

गुण दिसायला तीन-चार महिने लागतात. अंग थोडं उतरलेलं असेल तर याचा चांगला उपयोग होतो. खूप बाहेर आलं असेल तर नुसत्या व्यायामानं ते आत जाणार नाही. पण लघवी गळणं आणि जडपणा कमी होऊ शकतो.

रिंग

ही गोष्ट फार थोड्या बायांना माहीत असते. सिलिकॉनची किंवा रबराची गोल रिंग डॉक्टर मापानं आत बसवतात. तिला पेसरी म्हणतात. पडत्या भिंतीला टेकू द्यावा तसं तिचं काम. कापाकापी नाही, भूल नाही. नीट बसली तर चालताना टोचत नाही. काही जणी ती स्वतः काढून, धुऊन पुन्हा बसवायला शिकतात. नाहीतर डॉक्टर सांगतील तितक्या महिन्यांनी तपासायला जायचं. बसवून विसरून जायचं नाही, नाहीतर आत जखम होते. रिंग असताना रक्त गेलं किंवा घाण वास आला तर लगेच दाखवा. आत काही लावायचं असेल तर तेही विचारूनच.

पिशवी काढायची घाई नको

बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२ हजार ३०९ बायांची सरकारी समितीनं २०१९ साली पाहणी केली. त्यातल्या १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणून कोणी 'काढून टाका' म्हटलं की तीन प्रश्न विचारा. व्यायाम किंवा रिंग चालेल का? पिशवी ठेवून शस्त्रक्रिया होते का? थांबलं तर काय बिघडेल? शिवाय दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. मुंबईत काम केलेले डॉ. वि. ना. शिरोडकर (१८९९–१९७१) यांनी पिशवी न काढता ती वर उचलून बांधण्याची शस्त्रक्रिया बसवली, ती आजही त्यांच्या नावानं ओळखली जाते. काही जणींना पिशवी काढावी लागते हे खरं. पण तो निर्णय समजून घेतलेला असावा, भीतीपोटी घेतलेला नसावा.

लगेच दवाखान्यात कधी?

लघवी अजिबात होत नाही. बाहेर आलेलं अंग सुजलंय, काळंनिळं पडलंय किंवा आत जात नाही. जखम भरत नाही. घाण वासाचं पाणी जातं, ताप येतो. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त जातं. दिवस गेलेले असताना अंग बाहेर आलंय. यातलं एकही असेल तर थांबू नका.

जायचं कुठं?

आधी आशाताई किंवा नर्सताईंना सांगा. मग प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय. मुंबईला नातेवाइकांकडे डिलाईल रोडला उतरणार असाल तर परळचं के.ई.एम. आणि वाडिया प्रसूती रुग्णालय तिथून जवळ आहे. दोन्ही १९२६ पासून चालू आहेत. सकाळी लवकर जा. आधार कार्ड, रेशन कार्ड आणि जुने कागद बरोबर ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. एकटी जाऊ नका, गटातली एक सोबत न्या. तपासताना बाई डॉक्टर हवी असेल तर तसं सांगा. विचारण्यात कमीपणा नाही.

पुढच्या बैठकीत

हा पाठ मोठ्यानं वाचा. कोणालाही 'तुला आहे का?' असं सगळ्यांसमोर विचारू नका. त्याऐवजी हे तीन प्रश्न घ्या:

- आपल्या गावात पाण्याचं ओझं कोण वाहतं आणि ते वाटून कसं घेता येईल?
- बाळंतिणीला दीड महिना विश्रांती मिळावी म्हणून गट काय करू शकतो?
- तपासणीला जाणाऱ्या मैत्रिणीच्या गाडीभाड्यासाठी गटातून थोडं कर्ज देता येईल का?

शेवटी सगळ्याजणी मिळून तो पाच आकड्यांचा व्यायाम दहा वेळा करा. बसल्या जागी होतो, खर्च नाही आणि जिला गरज आहे तिला न विचारताच शिकवून होतो.