आपत्तीतील शुश्रूषा : आधी कोणाकडे धावावे?

पनवेल तालुक्यातील कोन हे गाव जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर वसलेले आहे. येथूनच सावळ्याकडे जाणारा रस्ता फुटतो आणि रसायनी-पाताळगंगा परिसरातील औद्योगिक वसाहतीकडे जातो. प्रवासी वाहने, अवजड मालमोटारी आणि रसायनांचे टँकर यांची या भागात सतत वर्दळ असते. गिरणी कामगारांसाठी राखून ठेवलेल्या कोन येथील इमारती २०२० साली कोविड-१९ च्या साथीत विलगीकरणासाठी वापरण्यात आल्या. अपघात, वायुगळती आणि साथ या तिन्ही संकटांचा विचार ज्या गावास करावा लागतो, तेथील पंचायत सदस्य व शिक्षक यांना आपत्कालीन शुश्रूषेची तत्त्वे ठाऊक असणे अगत्याचे आहे.

नियम बदलतो तो का?

नेहमीच्या दिवशी रुग्णालयात अत्यवस्थ रुग्णासाठी सर्व मनुष्यबळ व साधने पणाला लावली जातात. आपत्तीत मात्र रुग्ण अनेक आणि हात मोजके असतात. अशा वेळी उपलब्ध साधनांत जास्तीत जास्त प्राण वाचविणे हे उद्दिष्ट ठरते. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक लारे यांनी जखमी सैनिकाचा हुद्दा न पाहता जखमेचे गांभीर्य पाहून उपचारांचा क्रम लावण्याचा दंडक घातला. पुढे १९८३ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात वर्गीकरणाची एक सोपी पद्धत तयार झाली. प्रौढ जखमींसाठी ती आज अनेक देशांत शिकविली जाते.

चार रंग

या पद्धतीत परिचारिका प्रथम मोठ्याने सांगते, “ज्यांना चालता येते त्यांनी त्या झाडाखाली यावे.” जे चालत जातात ते हिरव्या गटात मोडतात. त्यांच्यावर उपचार काही काळाने झाले तरी चालतात. मग जागीच पडून राहिलेल्या प्रत्येकाचा श्वास, नाडी आणि शुद्ध या क्रमाने तपासली जाते. श्वास मिनिटाला ३० हून अधिक असेल, मनगटाची नाडी लागत नसेल किंवा “माझा हात दाबा” एवढी साधी सूचनाही पाळता येत नसेल, तर तो रुग्ण लाल गटातील, म्हणजे सर्वप्रथम हलविण्याचा होय. उरलेले पिवळ्या गटात येतात. श्वास बंद असल्यास श्वासमार्ग मोकळा करून पाहिला जातो. श्वास सुरू झाला तर लाल आणि न झाला तर काळा रंग दिला जातो.

एका रुग्णास एका मिनिटाहून अधिक वेळ द्यावयाचा नसतो. या फेरीत श्वासमार्ग मोकळा करणे आणि जोराचा रक्तस्राव दाबून थांबविणे एवढेच उपचार करावयाचे असतात. रुग्णाची अवस्था पालटत असल्याने वर्गीकरण पुनःपुन्हा करावे लागते.

काळा रंग देण्याचा निर्णय सर्वांत कठीण असतो. रुग्ण एकच असता तर परिचारिकेने त्याची छाती दाबत राहून शर्थ केली असती. परंतु वीस जखमींमध्ये ती एकाजवळ थांबली, तर रक्तस्रावाने क्षीण होत चाललेले दुसरे दोघे तेवढ्या वेळात दगावू शकतात. हा निर्णय निर्दयतेचा नाही, हे गावाने समजून घेतले पाहिजे.

मौन अधिक धोक्याचे

जो ओरडतो त्याचा श्वास निदान चालू असतो. जो निपचित पडला आहे त्याच्याकडे आधी पाहावे. साथीतही हाच अनुभव आला. कोविडच्या काही रुग्णांना धाप जाणवत नसे, तरीही त्यांच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ९४ टक्क्यांखाली घसरलेले असे. म्हणूनच तक्रार नसलेल्या रुग्णाचीही ठराविक वेळाने नोंद घेणे हे शुश्रूषेचे मुख्य कार्य ठरले. त्या वेळी सौम्य, मध्यम व तीव्र आजारासाठी देशभर निरनिराळ्या तीन स्तरांची केंद्रे ठेवण्यात आली, तीही याच तत्त्वानुसार.

रासायनिक गळतीत आणखी एक पथ्य पाळावे लागते. मदतीस धावणाराच बेशुद्ध पडला तर रुग्णांत एकाची भर पडते. वारा ज्या दिशेने येतो त्या बाजूस थांबावे, टँकरवरील फलक दुरून वाचून अग्निशमन दलास कळवावे. सुरक्षित जागी आणलेल्या रुग्णाचे दूषित कपडे काढून अंगावर भरपूर पाणी ओतावे आणि मगच त्यास वाहनात घ्यावे.

गावाचे कर्तव्य

आपत्तीत परिचारिकेवर सर्वाधिक दडपण येते ते भोवतालच्या माणसांचे. “आधी आमच्या माणसाला पाहा” हा आग्रह नातलगाचा असो वा प्रतिष्ठिताचा, तो दूर ठेवण्याचे काम सरपंच व सदस्य यांनी करावे. स्वतःच्या घरचा माणूस जखमी असला तरीही नियम तोच राहील, हे त्यांनी आधीच मान्य केलेले असावे. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस जखमींचा अंदाजे आकडा व नेमके ठिकाण सांगावे, रस्ता मोकळा ठेवावा आणि किरकोळ जखमींना जवळच्याच रुग्णालयात गर्दी करू देऊ नये. शिक्षकांनी जखमींची नावे, दिलेला रंग आणि कोणास कोठे नेले याची यादी ठेवावी. सद्‌भावनेने मदत करणाऱ्या व्यक्तीस मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिलेले आहे, ही गोष्टही ग्रामसभेत सांगावी.

पावसाळ्यापूर्वी शाळेच्या पटांगणावर आरोग्यसेविकेच्या मार्गदर्शनाखाली एकदा सराव करावा. रंगीत फिती, विजेऱ्या, स्वच्छ कापड आणि दोन-तीन स्ट्रेचर एवढी सामग्री त्यास पुरते. कोणाकडे आधी धावावयाचे हे शांत दिवशी ठरले असेल, तरच प्रत्यक्ष प्रसंगी परिचारिकेचा हात डळमळणार नाही आणि गावही तिच्या पाठीशी उभे राहील.