घटक ४ : स्थानिक साहित्य मंडळ – बैठक, संमेलन आणि स्पर्धा

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर स्थानिक साहित्य मंडळाच्या बैठका व कार्यशाळा, वार्षिक संमेलने आणि स्पर्धा यांचे स्वरूप आपणांस स्पष्ट करता येईल. या उपक्रमांचा लिहिणाऱ्याच्या भाषेवर कोणता परिणाम होतो, हे उदाहरणांसह सांगता येईल. तसेच आपल्या परिसरातील एखाद्या मंडळाच्या कामाचे परीक्षण करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठी वाङ्मयाचा इतिहास आपण बहुधा लेखक आणि ग्रंथ यांच्या आधारे अभ्यासतो. १९०६ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या महाराष्ट्र साहित्य परिषदेसारख्या मोठ्या संस्थांचा परिचयही आपण करून घेतला आहे. या घटकात आपण त्याहून पुष्कळ लहान संस्थेकडे वळणार आहोत. वाचनालयाच्या मागच्या खोलीत किंवा सुट्टीच्या दिवशी शाळेच्या एखाद्या वर्गात दहा-पंधरा माणसे जमतात, कोणी कविता वाचतो, कोणी कथा. वर्षातून एकदा मांडव घालून संमेलन भरवले जाते, दिवाळीच्या सुमारास स्पर्धा जाहीर होते. आपल्यापैकी काही जण अशा मंडळाचे सभासदही असतील.

मंडळाचे हे उपक्रम वृत्तान्तात एकाच ओळीत नोंदवले जातात. प्रत्यक्षात ते एकमेकांपासून भिन्न आहेत, कारण प्रत्येक ठिकाणी समोरचा माणूस लेखकाकडे वेगळी मागणी करतो. बैठकीतील श्रोता विचारतो, ‘येथे तुम्हांला काय म्हणायचे आहे?’ संमेलनातील श्रोता दाद देतो किंवा देत नाही. स्पर्धेतील परीक्षक गुण देतो. या मागण्यांनुसार लेखकाची भाषा घडते, क्वचित बिघडते. या घटकात आपण प्रामुख्याने हीच बाब अभ्यासणार आहोत.

४.२ बैठक आणि कार्यशाळा

बैठकीचे अभ्यासकांना सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे पुण्याचे रविकिरण मंडळ. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळात माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, ग. त्र्यं. माडखोलकर आदी मंडळी होती. रविवारी एकत्र जमावे, चहा घ्यावा, नव्या कविता एकमेकांना वाचून दाखवाव्यात आणि त्यांवर चर्चा करावी, असा त्यांचा क्रम होता. ‘किरण’ हा मंडळाचा पहिला संग्रह त्याच वर्षी निघाला. मंडळाला सप्तर्षींची उपमा दिली जाई आणि त्यांतील अरुंधती म्हणजे मनोरमाबाई, असे म्हटले जाई. उपमा सुंदर आहे. पण मंडळात बाईसाठी एकच जागा आहे आणि तीही पतीच्या शेजारची, हे त्या उपमेने नकळत सांगून टाकले आहे.

या बैठकांतून काय साधले? सुनीत, खंडकाव्य, गझल या रचनाप्रकारांची जोपासना झाली, वृत्तांविषयी जाण वाढली. माधव ज्यूलियन यांचा ‘छंदोरचना’ हा ग्रंथ अर्थातच त्यांच्या व्यासंगाचे फळ आहे, तो बैठकीत तयार झाला नाही. परंतु वृत्ताचा विचार हा जिवंत चर्चेचा विषय असू शकतो, असे वातावरण त्या काळात होते आणि त्यात मंडळाचा वाटा होता, हे मान्य करावे लागते.

बैठकीचा धोकाही याच मंडळाच्या निमित्ताने पुढे आला. नेहमीचेच श्रोते असले की लकबी रूढ होतात. एकाला आवडलेला शब्द दुसऱ्याच्या कवितेत उतरतो आणि त्या शब्दावर आत कोणी हरकत घेत नाही. ती हरकत बाहेरून आली. ‘केशवकुमार’ या नावाने प्र. के. अत्रे यांनी लिहिलेला ‘झेंडूची फुले’ हा विडंबनसंग्रह १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील अनेक विडंबनांचा रोख या मंडळाच्या कवितेकडे होता. विडंबन ही एक प्रकारची भाषिक चिकित्साच असते. मित्राने जे बैठकीत सांगायचे, ते येथे परक्याने चव्हाट्यावर सांगितले.

आजची लेखन-कार्यशाळा ही बैठकीची शिस्तबद्ध आवृत्ती आहे. तिची एक उपयुक्त पद्धत अशी : लेखकाने मजकूर वाचावा व नंतर काही वेळ गप्प बसावे. श्रोत्यांनी प्रथम अभिप्राय देऊ नये. आपण काय ऐकले, एवढेच सांगावे. लेखकाने जे लिहिले असे त्याला वाटते आणि श्रोत्यापर्यंत जे पोहोचले, यांतील अंतर तेथे उघड होते. त्यानंतर प्रश्न, आणि शेवटी नवा खर्डा.

एक नमुना पाहू. नवोदित लेखकाच्या कथेत असे वाक्य येते : ‘सायंकाळच्या धूसर संधिप्रकाशात तिचे नयन अश्रूंनी डबडबले.’ व्याकरणाच्या दृष्टीने त्यात दोष नाही. मात्र श्रोत्याने विचारावे, ‘ही बाई कोण? तिच्या घरात डोळ्यांना नयन म्हणतात काय?’ पुढच्या खर्ड्यात कदाचित असे वाक्य येईल : ‘दिवेलागण होऊन गेली, तरी तिने दिवा लावला नाही.’ येथे रडण्याचा उल्लेखच नाही. तरीही दुःख कळते, घर दिसते. पहिले वाक्य लेखकाने पूर्वी वाचलेल्या कथांतून आले होते, दुसरे त्याने पाहिलेल्या घरातून. हा फरक ‘अलंकारिक भाषा टाळा’ अशा सूचनेने कळत नाही. समोर बसलेल्या माणसाने प्रश्न विचारावा लागतो.

४.३ वार्षिक संमेलन

मराठीतील संमेलनांची परंपरा १८७८ पासून सांगितली जाते. लोकहितवादी व न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने त्या वर्षी पुण्यात ग्रंथकारांचे संमेलन भरले. १८८५ च्या दुसऱ्या संमेलनाचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी पत्राद्वारे नाकारले. जे लोक शूद्रातिशूद्रांचे मानवी हक्क मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभा व पुस्तके मिळू शकत नाहीत, असा त्या पत्राचा आशय आहे. मंडपात कोण नाही, हा प्रश्न अशा रीतीने अगदी आरंभीच विचारला गेला.

संमेलन एखाद्या होतकरू लेखकाला काय देऊ शकते, याचे उत्तम उदाहरण १९०७ चे जळगावचे महाराष्ट्र कविसंमेलन होय. खानदेशातल्या धरणगावी जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या अवघ्या सतरा वर्षांच्या मुलाने तेथे कविता सादर केली. अध्यक्ष डॉ. का. र. कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ म्हणून गौरवले आणि पुढे तेच त्याचे नाव झाले. श्रोत्यांच्या दादेचे एवढे ठळक फळ क्वचितच दिसते.

पण त्याच जळगावात त्या वेळी सत्तावीस वर्षांची एक शेतकरी स्त्री राहत होती. बहिणाबाई चौधरी. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या. ज्या बोलीत त्यांची गाणी झाली, ती बोली कविसंमेलनाच्या व्यासपीठावर येण्याची त्या काळी कल्पनाही कोणी केली नसती. त्यांची गाणी मुलाने, कवी सोपानदेव चौधरी यांनी, जपली आणि बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिणारे अत्रे म्हणजे ‘झेंडूची फुले’चेच कवी. ज्यांच्या कानाला मंडळाची लकब खटकली होती, त्यांच्याच कानाला या बोलीचे बळ जाणवले, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

लहान गावातील संमेलनाची दीर्घ परंपरा पाहायची असेल, तर सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या औदुंबरचे उदाहरण घ्यावे. कवी सुधांशु यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले सदानंद साहित्य मंडळ तेथे मकरसंक्रांतीला संमेलन भरवत आले आहे. (बालकवींच्या ‘औदुंबर’ या कवितेतील झाडाचा या गावाशी संबंध नाही, उत्तरपत्रिकांत हा घोटाळा वारंवार आढळतो.) संक्रांतीचा दिवस निवडण्यात एक व्यावहारिक शहाणपण आहे. तारीख कळवावी लागत नाही. दत्ताच्या दर्शनाला, सणाला बाहेर पडलेला माणूस साहित्याच्या मांडवातही येऊन बसतो. शहरातल्या सभागृहात असा श्रोता मिळणे कठीण.

मात्र संमेलनात एखाद्या ओळीवर थांबून प्रश्न विचारता येत नाही. जी कविता एकदा ऐकून कळते, जिला टाळी घेता येते, ती तेथे तरते. जी दोनदा वाचावी लागते, ती हरवते. म्हणून ज्या मंडळाचा वर्षातील सारा उत्साह संमेलनावर खर्च होतो आणि उरलेले अकरा महिने बैठक होत नाही, त्याला लेखन-मंडळ म्हणावे की उत्सव-मंडळ, याचा विचार आपण करावा. माझे मत दुसऱ्या शब्दाकडे झुकते.

४.४ स्पर्धा आणि परीक्षक

स्पर्धेचे दोन लाभ उघड आहेत : तारीख ठरलेली असल्यामुळे लेखन पूर्ण होते आणि ओळख नसलेल्या माणसाकडून ते वाचले जाते. त्यापलीकडे सर्व काही परीक्षकावर अवलंबून असते. १८५५ मध्ये फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले होते. कमिटीने ते स्वीकारले नाही. आज मराठी नाटकाच्या इतिहासात त्या नाटकाला टाळून पुढे जाता येत नाही.

येथे एक स्वानुभव नोंदवणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी एका मंडळाच्या जिल्हास्तरीय कथास्पर्धेचा मी परीक्षक होतो. गुणपत्रक छापील होते : आशय ४०, रचना ३०, भाषा २०, शुद्धलेखन १०. एक कथा पूर्णतः वऱ्हाडी बोलीत होती, केवळ संवादच नव्हे तर निवेदनदेखील. ‘मले’, ‘तुले’, ‘शाया’, ‘डोया’ अशी रूपे पानोपानी होती. मी शुद्धलेखनाला ३ आणि भाषेला ८ गुण दिले. कथा चौथी आली. बक्षिसे तीन होती.

निकालानंतर ती कथा मी पुन्हा वाचली, या वेळी गुणपत्रक बाजूला ठेवून. लेखन अनियमित मुळीच नव्हते. चतुर्थीचा ‘-ले’ आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखा होता. ‘ळ’च्या जागी ‘य’ जेथे यायला हवा तेथे येत होता. एकाच पात्राच्या, शाळामास्तरांच्या, तोंडी मात्र ‘मला’, ‘तुला’ अशी रूपे होती. आणि कथेच्या शेवटी, मास्तरांसमोर उभी असलेली मुलगी पहिल्यांदा ‘मला’ म्हणते. कथेचा कळस त्या एका प्रत्ययात होता. भाषाविज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या परीक्षकाने त्याच प्रत्ययाचे गुण कापले होते.

पुढच्या वर्षी त्याच हस्ताक्षरात दुसरी कथा आली. ती प्रमाणभाषेत होती, ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती. सायंकाळ धूसर होती आणि नयन डबडबले होते. शुद्धलेखनाचे १० पैकी १० गुण मला द्यावे लागले.

त्यानंतर मी आयोजकांना दोन बदल सुचवले. ‘शुद्धलेखन’ या सदराऐवजी ‘निवडलेल्या भाषारूपातील सुसंगती’ असे सदर असावे आणि बक्षीस न मिळालेल्या प्रत्येक लेखकाला परीक्षकाने चार ओळींचे टिपण पाठवावे. पहिला बदल मान्य झाला. दुसरा वेळेअभावी होऊ शकत नाही, असे कळवण्यात आले. तेव्हापासून माझ्याकडे आलेल्या गठ्ठ्यापुरती टिपणे मी स्वतःच लिहून देतो. पहिल्या कथेच्या लेखिकेला असे टिपण मिळाले नाही.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी

१. रविकिरण मंडळाच्या बैठकांचे लाभ व मर्यादा सुमारे दीडशे शब्दांत लिहा.

२. १९०७ च्या जळगाव कविसंमेलनाच्या संदर्भात बालकवी व बहिणाबाई यांच्या वाट्याला आलेल्या श्रोत्यांची तुलना करा.

३. क्षेत्रकार्य : आपल्या गावातील किंवा तालुक्यातील एखाद्या साहित्य मंडळाच्या बैठकीस उपस्थित राहा. कोणी वाचले, कोणी प्रश्न विचारले, कोण गप्प राहिले आणि कोणत्या शब्दावर चर्चा थांबली, याची नोंद ठेवा. मंडळ नसल्यास घरातील किंवा शेजारची एक व्यक्ती निवडा, तिला आपले एक पान वाचून दाखवा आणि तिने काय ऐकले ते तिच्याच शब्दांत, तिच्याच बोलीत उतरवून घ्या. ही नोंद संपर्कसत्रास येताना सोबत आणावी.