दृष्टिपटलाची जाडी आणि मधुमेह

फरीदाबाद हे दिल्लीच्या दक्षिणेस वसलेले कारखान्यांचे शहर होय. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ पासून तेथे नवी औद्योगिक वसाहत उभी राहिली. पुढे ट्रॅक्टरपासून मोटारींच्या सुट्या भागांपर्यंत नाना वस्तू तेथे तयार होऊ लागल्या. अशा कारखान्यात लेथवर काम करणारा कारागीर धातूचा दांडा कातून झाला की तो मायक्रोमीटरच्या जबड्यांत धरतो आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत त्याची जाडी वाचतो. हा शंभरावा भाग म्हणजे दहा मायक्रॉन. माणसाचा केस साधारणतः ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या मोजमापाची सूक्ष्मता कळून येईल.

ज्या डोळ्याने तो कारागीर ही बारीक मोजपट्टी वाचतो, त्या डोळ्याच्या आतील पडद्याची जाडीही आता मायक्रॉनमध्ये मोजता येते. येथे मात्र जबडे लावावयास जागा नाही, आणि मोजावयाची वस्तू जिवंत व हलती आहे. हे मोजमाप कसे होते आणि मधुमेही माणसाने त्याच्या आकड्यावर कितपत भिस्त ठेवावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

डोळ्याच्या मागील भिंतीवर अस्तरासारखा पसरलेला जो मज्जापेशींचा पातळ थर, त्यास दृष्टिपटल म्हणतात. त्याच्या मध्यावर पीतबिंदू नावाचा लहानसा भाग असतो. अक्षरे वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही सारी कामे या भागाच्या जोरावर होतात. पीतबिंदूच्या बरोबर मधोमध दृष्टिपटलास एक खळगा पडलेला असतो. तेथे वरचे थर बाजूस सरलेले असतात व रक्तवाहिन्याही नसतात, जेणेकरून प्रकाश विनाअडथळा ग्राहक पेशींवर पडावा. म्हणून निरोगी डोळ्यात मध्यभाग पातळ व त्याभोवतीचे कडे जाड असते.

मधुमेहात रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली तर दृष्टिपटलातील केशवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात. त्यांना बाहेरून आधार देणाऱ्या पेशी मरतात, काही वाहिन्या बंद पडतात, आणि रक्ताविना कासावीस झालेले दृष्टिपटल एक प्रकारचे वाहिनीवर्धक प्रथिन सोडू लागते. या प्रथिनाने वाहिन्या अधिकच पाझरतात. पाझरलेला द्रव थरांमध्ये साठतो, त्याची सूक्ष्म पोकळ्यांसारखी तळी बनतात, आणि दृष्टिपटल फुगते. हीच पीतबिंदूची सूज. आरंभी ती दुखत नाही, आणि मध्य सुटला असेल तर रुग्णास काही जाणवतही नाही. एक डोळा बिघडला तरी दुसरा काम भागवून नेतो, हेही उशीर होण्याचे एक कारण होय.

१८५१ साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने नेत्रदर्शक तयार केल्यापासून वैद्यांना जिवंत माणसाचे दृष्टिपटल पाहता येऊ लागले. परंतु ते पाहणे समोरून. विहिरीच्या काठावर उभे राहून पाण्याचा पृष्ठभाग दिसतो, खोली कळत नाही, तसाच हा प्रकार होता. कसलेला नेत्रवैद्य दोन्ही डोळ्यांनी भिंगातून पाहून फुगवटा ओळखी. तथापि सौम्य सूज अशा नजरेतून पुष्कळदा निसटे, आणि दोन वैद्यांचे मत एक होईलच असेही नसे.

खोली मोजावयाची तर प्रतिध्वनीची युक्ती आठवते. दरीत आरोळी द्यावी आणि ती परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून समोरच्या कड्याचे अंतर काढावे. ध्वनीच्या जागी प्रकाश घेतला तर हेच तत्त्व लागू पडते. अडचण एवढीच की प्रकाश सेकंदास सुमारे तीन लक्ष किलोमीटर धावतो. दृष्टिपटलात दहा मायक्रॉन आत जाऊन परत येण्यास त्याला लागणारा काळ, सेकंदाचे दहा लक्ष कोटी भाग केले तर त्यांतील एका भागाहूनही कमी भरतो. एवढा काळ थेट मोजील असे घड्याळ नेत्रवैद्याच्या खोलीत असणे शक्य नाही.

तेव्हा घड्याळाचे काम प्रकाशाकडूनच करून घेतात. मायकेलसन याने १८८१ मध्ये बनविलेल्या व्यतिकरणमापकाचा येथे उपयोग होतो. प्रकाशाच्या एका शलाकेचे दोन भाग करतात. एक डोळ्यात पाठवितात, दुसरा ठराविक अंतरावरील आरशाकडे. दोन्ही परतून एकत्र आले आणि त्यांनी कापलेली अंतरे जुळली, तर त्यांच्या लहरी एकमेकींशी जमतात व उजेड-अंधाराचा नमुना उमटतो. यासाठी मुद्दाम असा प्रकाश निवडतात की ज्याच्या लहरींचा मेळ काही मायक्रॉनांपुरताच टिकतो. अंतर थोडे चुकले की नमुना नाहीसा. आरसा मागेपुढे करीत गेल्यास दृष्टिपटलाचा कोणता थर किती खोलीवर आहे, हे क्रमाने उलगडते. पुढच्या यंत्रांत आरसा स्थिर ठेवून परतलेल्या प्रकाशाचे रंगांत पृथक्करण करतात व त्यावरून गणिताने सर्व खोल्या एकदम काढतात. त्यामुळे वेग फार वाढला. वापरला जाणारा प्रकाश बहुधा अवरक्ताच्या अलीकडील सीमेवरचा, सुमारे ८४० नॅनोमीटर लहरलांबीचा असतो. यंत्राचा स्पर्श डोळ्यास होत नाही.

या पद्धतीस ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, अर्थात ओसीटी, म्हणतात. अमेरिकेत डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो व त्यांचे सहकारी यांनी तिचे वर्णन १९९१ साली प्रसिद्ध केले. १९९३ मध्ये जिवंत माणसाच्या दृष्टिपटलाचे छेद मिळाले आणि १९९६ मध्ये यंत्र बाजारात आले.

यंत्र पीतबिंदूवर तीन वर्तुळे कल्पिते; त्यांचे व्यास एक, तीन व सहा मिलिमीटर. मधले वर्तुळ आणि दोन कड्यांचे प्रत्येकी चार तुकडे मिळून नऊ भाग होतात. प्रत्येक भागाची सरासरी जाडी कागदावर छापली जाते. वैद्याचे लक्ष प्रथम मधल्या वर्तुळाकडे जाते. नव्या यंत्रांवर निरोगी माणसात ही जाडी सुमारे २५० ते २८० मायक्रॉन असते. मोठ्या सुजेत ती पाचशेच्याही वर जाऊ शकते.

आता खऱ्या अडचणीच्या गोष्टीकडे वळू. जाडी म्हणजे दोन पृष्ठभागांमधील अंतर. मायक्रोमीटरचे जबडे कोठे टेकले हे कारागिरास दिसते. ओसीटीत वरची व खालची रेषा संगणक ओढतो, आणि खालची रेषा कोठे ओढावी याविषयी सर्व यंत्रे एकमताची नाहीत. स्ट्रेटस नावाचे जुने यंत्र ग्राहक पेशींच्या आतील व बाहेरील भागांच्या सांध्याशी थांबे. सिरस हे यंत्र त्याखालील रंगद्रव्याच्या थरापर्यंत जाते. स्पेक्ट्रॅलिस त्याच्याही तळाशी. परिणामी तोच डोळा तीन यंत्रांवर तीन जाड्यांचा ठरतो. म्हणूनच अमेरिकेतील मधुमेही नेत्रविकारांच्या अभ्यासांत मध्यभागाची सूज मानण्यासाठी वेगवेगळ्या मर्यादा घेतल्या गेल्या: स्ट्रेटसवर २५० मायक्रॉन, सिरसवर स्त्रियांस २९० व पुरुषांस ३०५, स्पेक्ट्रॅलिसवर अनुक्रमे ३०५ व ३२०. पुरुषांचे दृष्टिपटल सरासरीने किंचित जाड असते, म्हणून हा फरक.

याचा अर्थ रुग्णाच्या बाजूने पाहावा. फरीदाबादेत एका यंत्रावर तपासून घेतलेला कामगार पुढे दिल्लीस दुसऱ्या यंत्रासमोर बसला आणि आकडा चाळीस-पन्नास मायक्रॉनांनी वाढला, तर सूज वाढली असे समजून त्याच्या डोळ्यात नको असलेले इंजेक्शन दिले जाण्याचा संभव आहे. उलट क्रमाने गेला तर वाढलेली सूज उतरल्याचा भास होईल. दोन तपासण्यांची तुलना त्याच यंत्रावर व्हावी; ते न जमल्यास यंत्राचे नाव पाहूनच आकडा वाचावा. जुना कागद जपून ठेवणे व नव्या वैद्यास दाखविणे हे रुग्णाच्या हातचे काम आहे.

शिवाय संगणकाची रेषा चुकतेही. मोतीबिंदूने प्रकाश अंधुक झाला, पापणी लवली किंवा सुजेने थरांची घडी विस्कटली, की रेषा भलत्याच थरावरून धावते आणि आकडा मात्र पूर्वीइतक्याच सुबक अक्षरांत छापला जातो. छापील आकड्यापुढे मान तुकविण्याची आपली सवय येथे घातक ठरते. चित्र न पाहता आकडा वाचू नये.

आकडा खरा असला तरी तो दृष्टीचा आकडा नव्हे. एकाच जाडीच्या दोन डोळ्यांपैकी एक तक्त्यावरील बारीक ओळ वाचतो, दुसरा मोठ्या अक्षरांवरही अडखळतो. कारण नजर ग्राहक पेशी शाबूत आहेत की नाहीत यावर बरीच अवलंबून असते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, मध्यभागी सूज असूनही नजर उत्तम असलेल्या ७०२ प्रौढांचे तीन गट केले होते. एकास इंजेक्शने, दुसऱ्यास लेझर, तिसऱ्यावर नुसती देखरेख; नजर उतरू लागल्यास मागील दोन्ही गटांस इंजेक्शन द्यावयाचे होते. दोन वर्षांनी तक्त्यावरील पाच किंवा अधिक अक्षरे गमावणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे १६, १७ व १९ टक्के निघाले, म्हणजे जवळपास सारखेच. अर्थात देखरेख याचा अर्थ दुर्लक्ष नव्हे; त्या गटातील सुमारे एक-तृतीयांश लोकांना पुढे इंजेक्शन द्यावेच लागले, आणि ते वेळेवर देता आले ते नियमित तपासणीमुळेच.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सर्वेक्षणानुसार, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणे, देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींवर आहे. इतक्या सर्वांना ओसीटी यंत्रासमोर बसविण्याची गरज नाही. बाहुली रुंदावून वर्षातून एकदा दृष्टिपटल पाहणे ही पहिली पायरी. तेथे शंका आली, की मोजमाप.

मधुमेहात दृष्टिपटल जाडच होते असेही नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रक्तवाहिन्यांचा बिघाड नसलेल्या किंवा अगदी अल्प असलेल्या ४५ मधुमेहींची चार वर्षे मोजणी केली गेली. त्यांच्या दृष्टिपटलातील मज्जातंतूंचा थर वर्षाला सुमारे पाव मायक्रॉन याप्रमाणे झिजत गेलेला आढळला. वाहिन्या पाझरण्याच्या आधीच मज्जापेशींस इजा होऊ लागते असे त्यावरून दिसते. पाव मायक्रॉन हे अंतर यंत्राच्या एका तपासणीत मुळीच ओळखू येत नाही. अनेक डोळ्यांची, अनेक वर्षांची सरासरी काढली तेव्हाच ते दृष्टीस पडले.