खुब्याचा जमाखर्च : चालणे आणि सायकल

नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव पाण्याच्या हिशेबासाठी प्रसिद्ध आहे. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. त्यानंतर गावाने डोंगरउतारांवर समपातळी चर खणले, झाडे लावली आणि पावसाचा जमाखर्च मांडण्याची रीत घातली. पाऊस किती पडला ते मोजावयाचे, पिण्याचे पाणी आधी बाजूला ठेवावयाचे आणि उरलेल्यात कोणती पिके बसतात ते ग्रामसभेत ठरवावयाचे. ऊस या हिशेबात बसत नाही, म्हणून तो लावावयाचा नाही. विद्यार्थीमित्रांनो, असाच एक हिशेब आज आपण आपल्या शरीरातील एका सांध्यासाठी मांडू या.

समजा, या गावात ३० वर्षांचा, ६० किलोग्रॅम वजनाचा एक तरुण आहे. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटला, ते डोके खचले आणि शस्त्रक्रिया करून त्याचा खुब्याचा सांधा बदलावा लागला. (तरुण वयात असे होण्याच्या कारणांत अपघात, स्टेरॉइड औषधे आणि दारू ही प्रमुख आहेत. गावाच्या नियमांत नशाबंदीही आहे, हे येथे आठवते.) पूर्वी तो रोज सायकलवरून दूध घालावयास जात असे. आता घरचे म्हणतात, "सायकल विसर, चालत जात जा." त्यांचे म्हणणे बरोबर आहे काय?

प्रथम नव्या सांध्याची रचना पाहू. खुबा हा उखळीचा सांधा आहे. कृत्रिम सांध्यात धातूचा किंवा सिरॅमिकचा चेंडू बहुधा प्लॅस्टिकच्या वाटीत फिरतो. ही रचना इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्नली यांनी रुळवली. आरंभी त्यांनी वाटीसाठी टेफ्लॉन वापरले. टेफ्लॉनचे घर्षण फारच कमी, म्हणून ते टिकेल असा अंदाज होता; पण काही वर्षांतच वाट्या झिजून गेल्या. घर्षण कमी म्हणजे झीज कमी असे नसते, हा धडा पुष्कळ पाठ्यपुस्तकांत आढळत नाही. १९६२ मध्ये चार्नलींनी दाट पॉलिएथिलीनची वाटी घेतली आणि मग मात्र सांधा टिकू लागला. १९९० च्या दशकाअखेर आलेले पॉलिएथिलीन त्याहूनही पुष्कळ कमी झिजते.

तरीही झीज शून्य नाही. झिजलेले सूक्ष्म कण आजूबाजूच्या पेशी गिळतात, त्यातून लगतचे हाड विरघळू लागते आणि सांधा ढिला होतो. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार असे सुमारे ५८ टक्के सांधे २५ वर्षे टिकतात. सत्तरीच्या गृहस्थाला हा आकडा पुरेसा आहे. आपला तरुण मात्र २५ वर्षांनी अवघा ५५ वर्षांचा असेल, आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. म्हणून त्याला खर्च जपून करावयास हवा. झिजेचा साधा नियम असा की, झीज ही भार गुणिले घासलेले अंतर यांच्या प्रमाणात असते.

आता भार किती ते काढू. चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर उभे असतो. त्या पायाचे वजन सुमारे १० किलोग्रॅम. म्हणजे सांध्यावर उरलेले ५० किलोग्रॅम तोलले जातात. पण ते सांध्याच्या बरोबर वर नसतात. त्यांची भाररेषा शरीराच्या मध्याजवळून, सांध्यापासून सुमारे १० सेंटिमीटर आतून जाते. कंबर त्या बाजूला कलंडू नये म्हणून खुब्याच्या बाहेरचे स्नायू तिला खाली ओढून धरतात. ही पहिल्या प्रकारची तरफ झाली. टेकू म्हणजे सांधा. स्नायूंची बलभुजा सुमारे ५ सेंटिमीटर, भारभुजा १०. तेव्हा ५० × १० = बल × ५, म्हणून स्नायूंचे बल १०० किलोग्रॅम-भार. टेकूवर दोन्हींची बेरीज येते : १५० किलोग्रॅम-भार. शरीराच्या वजनाच्या अडीच पट! बर्लिनमध्ये गेओर्ग बर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम सांध्यातच मापक बसवून प्रत्यक्ष भार मोजले. साध्या चालण्याचा आकडा याच्याच आसपास आला.

म्हातारी माणसे काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरतात, त्याचे मर्मही येथेच आहे. काठी सांध्यापासून ३५ सेंटिमीटर दूर टेकली आणि तिच्यावर केवळ ८ किलोग्रॅम-भार दिला, तर ५०० पैकी २८० चा तोल काठी सांभाळते. स्नायूंना ४४ किलोग्रॅम-भारच लावावा लागतो आणि सांध्यावरील एकूण भार ५० + ४४ − ८, म्हणजे ८६ वर उतरतो.

सायकलवर बसल्यावर काय होते? कंबरेची हाडे दोन्ही बाजूंनी सीटवर टेकतात. कलंडण्याचा प्रश्न राहत नाही आणि तरफच नाहीशी होते. उरतो तो पेडल दाबण्याचा जोर. सपाट रस्त्यावर सावकाश चालवताना सांध्यावरचा भार शरीराच्या वजनाहूनही कमी राहतो, असे मोजमापांत दिसले आहे. आपण सढळ हाताने तो ६० धरू.

साध्या काळ्या सायकलचे पेडल एकदा पूर्ण फिरले की ती सुमारे ५.३ मीटर जाते. म्हणजे एका किलोमीटरला १८९ फेरे. चालताना एका पायाचे पाऊल पुन्हा पडेपर्यंत आपण १.४ मीटर जातो. म्हणजे किलोमीटरला सुमारे ७१४ वेळा. सांधा दोन्हींत साधारण सारख्याच कोनातून झुलतो. तेव्हा चालण्याचा खर्च ७१४ × १५०, सायकलचा १८९ × ६०. भागाकार करून पाहा : एक किलोमीटर चालण्यात सायकलवरच्या नऊ किलोमीटरांइतकी झीज आहे. आकडे ढोबळ आहेत. पण ते थोडे इकडेतिकडे केले तरी निकाल उलटत नाही.

चढावर मात्र सावध असावे. रस्ता विसात एक चढत असेल, तर ५.३ मीटरमागे सायकल, स्वार मिळून ८० किलोग्रॅम २६.५ सेंटिमीटर वर उचलावे लागतात. तेवढ्यात पेडल १.०७ मीटरचे वर्तुळ काटते. कार्य समान, म्हणून पेडलवरचे सरासरी बल सुमारे २० किलोग्रॅम-भार. पेडल आडवे असताना ते याच्या दीडपटीहून अधिक. गिअरच्या सायकलवर फेऱ्यामागचे अंतर निम्मे केले तर बलही निम्मे होते. फेरे दुप्पट होतात, त्यामुळे झिजेत फारशी बचत नाही. पण हाडात रोवलेल्या सांध्याला बसणारा मोठा ताण टळतो. सीट सोडून उभ्याने पेडल मारले की सारा भार एका पायावर येतो आणि तीच जुनी तरफ परत येते. त्यापेक्षा उतरून चालावे, आणि सायकल शस्त्रक्रिया न झालेल्या बाजूला धरावी. मग हँडल काठीचे काम करते.

सायकलचा खरा धोका झिजेत नाही, पडण्यात आहे. नुसते ठेचकाळले तरी सांध्यावर वजनाच्या सात-आठ पट भार आल्याचे बर्लिनच्या नोंदींत आहे. अमेरिकन सायकलपटू फ्लॉइड लँडिस याचा खुबा २००३ मध्ये सायकलवरून पडूनच मोडला होता आणि पुढे त्या हाडाचा रक्तपुरवठा गेला. २००६ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याच्या हाडाच्या डोक्यावर धातूची टोपी बसवली. २००९ मध्ये तो पुन्हा शर्यतींत उतरला. (२००६ चे त्याचे टूर द फ्रान्सचे जेतेपद उत्तेजकांमुळे काढून घेतले गेले, तो भाग वेगळा.)

म्हणून आपल्या तरुणाने पहिले आठवडे शल्यविशारदाच्या अनुमतीने घरात, जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर काढावेत. रस्त्यावर येताना आडवी नळी नसलेली लेडीज सायकल घ्यावी, म्हणजे पाय उंच फेकून टांग मारावी लागत नाही. सीट थोडी उंच ठेवावी : गुडघा छातीकडे फार आला, मांडी व धड यांतील कोन काटकोनाहून लहान झाला, तर नवा चेंडू वाटीतून निसटण्याची भीती असते. दुधाची किटली लावायचीच, तर दोन्ही बाजूंना समान वजनाची.

तुमच्या सायकलचा हिशेब तुम्हीच करा. टायरवर व जमिनीवर खडूची खूण करून पेडलचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत सायकल ढकला आणि अंतर मोजा. मग शाळेच्या वाटेवरील चढाची लांबी आणि उंची शिक्षकांच्या मदतीने काढा. त्या चढावर तुमच्या पेडलवर सरासरी किती बल लागते?