यादीतलं नाव आणि चालतं यंत्र

सर्व्हिस सापडतच नाही तेव्हा काम त्यामानाने सोपं असतं. एरर येते, अलार्म वाजतो, ऑन-कॉलवरचा माणूस उठतो. खरा छळ करते ती सापडणारी पण बंद पडलेली सर्व्हिस. पत्ता मिळतो, विनंती जाते आणि पलीकडे कोणीच नसतं.

पुण्यातल्या आमच्या टीमकडे एका ग्राहकाची बिलिंग यंत्रणा देखभालीसाठी आली होती. बांधली दुसऱ्या कोणी, चालवायची आम्ही. सगळं ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये. कंटेनर उठतात, बसतात, त्यांचे आयपी पत्ते बदलत राहतात, म्हणून पत्त्यांची वही ठेवायला क्लाउड मॅप वापरलेला. ॲमेझॉनने ही सेवा नोव्हेंबर २०१८ मध्ये आणली. नेमस्पेस, त्यात सर्व्हिस, त्यात इन्स्टन्स, अशी साधी रचना. कंटेनर सुरू झाला की त्याची स्क्रिप्ट नोंद करायची आणि बंद होताना तीच ती काढून टाकायची.

महिनाअखेरीच्या गर्दीत मेमरी संपून काही कंटेनर धाडकन मेले. त्यांच्या जागी नवे आले, त्यांनी नोंदी केल्या, डॅशबोर्ड हिरवागार. तरी काही बिलं निघत होती आणि काही टाइमआउट होत होती. तीच विनंती पुन्हा पाठवली की बिल निघायचं. संशय आधी डेटाबेसवर गेला, मग नेटवर्कवर. सिक्युरिटी ग्रुप उलटसुलट तपासून झाले. पुढे लॉगमध्ये टाइमआउटच्या जोडीला ४०४ दिसायला लागले, आणि तिथे खरा धागा हाती लागला. ४०४ म्हणजे पलीकडे कोणीतरी जिवंत आहे, फक्त तो आपला नाही. आमच्या मांडणीत प्रत्येक कंटेनरला व्हीपीसीमधला स्वतःचा आयपी मिळतो आणि सुटलेला आयपी पुढे दुसऱ्या कोणाला दिला जातो. मेलेल्या बिलिंग कंटेनरचा पत्ता आता भलत्याच सर्व्हिसकडे होता. बिलाची विनंती तिच्या दारात जाऊन ‘असा मार्गच इथे नाही’ हे उत्तर घेऊन येत होती. त्या सर्व्हिसमध्ये योगायोगाने त्याच नावाचा मार्ग असता, तर काय झालं असतं याचा विचार मी अजूनही टाळतो.

यात क्लाउड मॅपचा दोष नव्हता. नोंद काढण्याचं काम बंद होण्याच्या वेळी चालणाऱ्या कोडमध्ये होतं. पण मेमरी संपल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम प्रोसेसला थेट मारते, आवराआवर करायला वेळच देत नाही. नोंद तशीच राहते. आपल्या मतदार यादीत वारलेल्या माणसाचं नाव राहतं, कारण ते कोणालातरी मुद्दाम वगळावं लागतं, तोच प्रकार. काही यंत्रणा हे वेगळ्या रीतीने सोडवतात. नेटफ्लिक्सच्या युरेकामध्ये प्रत्येक इन्स्टन्स दर ३० सेकंदांनी ‘मी आहे’ असं कळवतो आणि ९० सेकंद आवाज आला नाही की त्याची नोंद काढण्याजोगी ठरते. ही सवय असलेली माणसं क्लाउड मॅपकडूनही तेच गृहीत धरतात. तिथे नोंद आपणहून शिळी होत नाही. ॲमेझॉनचीच ईसीएस सेवा कंटेनर सांभाळत असेल आणि सर्व्हिस डिस्कव्हरी तिच्याकडे दिली असेल, तर नोंदी करणं आणि काढणं तीच बघते. स्वतःची स्क्रिप्ट असेल तर जबाबदारीही स्वतःची.

विचारण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. लिस्ट-इन्स्टन्सेस हा कॉल नोंदवही जशीच्या तशी वाचून दाखवतो. कोण आजारी, कोण मेलेला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तो देखभालीसाठी, हिशेब लावण्यासाठी आहे. चालत्या प्रोग्रामने पत्ता विचारायचा तो डिस्कव्हर-इन्स्टन्सेसने, कारण त्यात तब्येतीची अट घालता येते: फक्त निरोगी, फक्त आजारी, सगळे, किंवा निरोगी असतील तर ते, नाहीतर सगळे. आमच्या हाती आलेल्या कोडमध्ये पहिला कॉल होता. तो बदलून ‘फक्त निरोगी’ अशी अट घातली आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

मेलेले पत्ते येतच राहिले.

कारण सर्व्हिसला हेल्थ चेकच जोडलेला नसेल, तर तब्येतीची अट गुमान बाजूला ठेवली जाते आणि सगळे इन्स्टन्स परत येतात. एरर नाही, इशारा नाही. ॲमेझॉनच्या कागदपत्रांत हे एका ओळीत लिहिलेलं आहे आणि ती ओळ सहज नजरेआड होते. खासगी डीएनएस नेमस्पेसमध्ये रूट ५३चा हेल्थ चेक चालत नाही, कारण तो बाहेरच्या इंटरनेटवरून तपासतो आणि खासगी आयपीपर्यंत पोचू शकत नाही. तिथे कस्टम हेल्थ चेक घ्यावा लागतो. म्हणजे तपासणारा आपलाच कोणीतरी, जो इन्स्टन्सला ठोठावून बघतो आणि निकाल क्लाउड मॅपला कळवतो. शिवाय हा कस्टम चेक चालू सर्व्हिसला मागाहून जोडता येत नाही. सर्व्हिस तयार करतानाच द्यावा लागतो. आम्हाला नवी सर्व्हिस काढून सगळ्या नोंदी तिच्यात हलवाव्या लागल्या. म्हणून सुरुवातीलाच तो मागून घ्या, आज गरज वाटो वा न वाटो. आणि नोंद करताना सुरुवातीची तब्येत ‘आजारी’ अशी द्या. काही दिलं नाही तर ती ‘निरोगी’ धरली जाते आणि अजून डोळे चोळत असलेल्या कंटेनरवर विनंत्या कोसळतात.

‘निरोगी नसतील तर सगळे’ हा पर्याय मोहात पाडतो. नुसती माहिती दाखवणाऱ्या पानासाठी तो ठीक. काहीच नसण्यापेक्षा प्रयत्न करून बघितलेला बरा. पैशाच्या व्यवहारात मात्र मी तो ठेवणार नाही. तिथे चुकीच्या दारावर जाण्यापेक्षा स्वच्छ नकार परवडतो.

उत्तरातल्या संख्येवरही लक्ष ठेवा. डिस्कव्हर-इन्स्टन्सेसला कमाल किती हवेत ते सांगितलं नाही, तर जास्तीत जास्त १०० मिळतात. सांगून १००० पर्यंत वाढवता येतात, पण पुढचं पान मागायची सोय या कॉलमध्ये नाही. इन्स्टन्स शंभरावर गेले तर उरलेल्यांपर्यंत विनंत्या पोचत नाहीत आणि तसं कोणी सांगायलाही येत नाही. रिकामी यादी ही एरर नसते, हेही कोडमध्ये धरून चला. इन्स्टन्सला आपण दिलेल्या गुणधर्मांवर गाळणी लावली आणि नोंद करणाऱ्याने ‘प्रॉड’ लिहिलं असताना तुम्ही ‘प्रॉडक्शन’ विचारलंत, तर यशस्वी उत्तर येतं आणि आत शून्य पत्ते.

पत्ता डीएनएसने विचारत असाल तर हिशेब निराळा. मल्टिव्हॅल्यू पद्धतीत एका उत्तरात जास्तीत जास्त आठ पत्ते येतात, ए रेकॉर्डमध्ये पोर्ट नसतो, आणि टीटीएल संपेपर्यंत जुनं उत्तर वापरलं जातं. जावाचं व्हर्च्युअल मशीन आपल्यापुरती वेगळी साठवण करतं; ते किती वेळ हे ठरवणारी सेटिंग एकदा नजरेखालून घाला. एपीआयने विचारत असाल तर प्रत्येक विनंतीला क्लाउड मॅपकडे धावू नका, तिथे कॉलच्या वेगावर मर्यादा आहे. उत्तर थोडा वेळ जवळ ठेवा आणि त्या पत्त्यावर जोडणी फसली की लगेच टाकून द्या. समोरच्याची ओळख पटवायचं काम नोंदवहीवर सोडू नका, ते टीएलएस प्रमाणपत्राने करा. आमचे ४०४ त्याने पहिल्याच विनंतीला पकडले असते.

टेस्टच्या यंत्रणेत एका कंटेनरची मुख्य प्रोसेस ‘किल -९’ने मारा आणि त्याचा पत्ता डिस्कव्हरच्या उत्तरात किती वेळ येत राहतो ते घड्याळ लावून बघा. तो दहा मिनिटांनंतरही दिसत असेल, तर पुढच्या महिनाअखेरीआधी दुरुस्ती हाती घ्या.