मार्थाबाईंची पत्रं

अगं, तुझा मेसेज रात्री साडेअकराला वाचला. नोकरी सोडतेय, फराळाचं काम सुरू करतेय, पेजचं नाव ठरलंय, स्वयंपाकघराला पांढरा रंग द्यायला माणूसही सांगितलाय. आणि खाली लिहिलंस, ‘ताई, आधी काही बोलू नकोस, मी पाठवलेली फिल्म बघ.’ बघितली. तुझे दाजी रात्रपाळीला होते, नरोलीत पाऊस धो धो, दमणगंगेकडून गार वारा येत होता. मी जवळजवळ दोन तास जागची हलले नाही.

तुला वाटलं असेल, ताई म्हणणार, अमेरिकेतल्या श्रीमंत बाईचं आपल्याला काय? नाही म्हणणार. मार्था स्टुअर्ट ही बाई आपल्यातलीच आहे. घर, जेवण, बाग, पाहुण्यांचं पान, या बायकांच्या रोजच्या कामाला कोणी दाम देत नव्हतं, तिनं तो द्यायला लावला. घराच्या तळघरातून मेजवान्यांच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली, १९८२ साली पहिलं पुस्तक आलं, मग मासिक, टीव्ही. १९९९ साली तिची कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली, तेव्हा तिनं दलालांना स्वतः पाव आणि संत्र्याचा रस दिला. तू तिथे थांबवून मला स्क्रीनशॉट पाठवलास. खरंच छान आहे तो क्षण. पण राणी, माझं मन पुढं पत्रांपाशी अडकलं.

आर. जे. कटलर या दिग्दर्शकानं २०२४ साली ही फिल्म केली, तेव्हा मार्थानं त्याला आपली जुनी पत्रं दिली, तुरुंगातली डायरीसुद्धा दिली. घटस्फोटाबद्दल तो विचारायला लागला तर ही बाई तोंड फिरवते आणि सांगते, ते पत्रांतूनच घ्या. आणि पत्रांत काय? नवऱ्यानं परत यावं म्हणून विनवण्या, राग, लाचारी. ज्या घरातल्या काट्या-चमच्यांच्या मांडणीकडे अख्खा देश बघत होता, त्याच घरात बसून तिनं हे लिहिलंय. नवरा फसवत असेल तर सोडून द्या, असं ती तरुण मुलींना ठणकावून सांगते. दिग्दर्शक हळूच विचारतो, तुमचंही एक प्रकरण होतं ना? त्यावर ती म्हणते, ते काही विशेष नव्हतं. तो तिचा चेहरा बघितलास का? परत बघ. मला तिचा राग नाही आला. पोटात कालवलं.

शिक्षेचंही नीट समजून घे, कारण तू लिहिलंस की तिला शेअर विकले म्हणून तुरुंगात टाकलं. डिसेंबर २००१ मध्ये तिनं एका औषध कंपनीचे जवळपास चार हजार शेअर विकले आणि साधारण पंचेचाळीस हजार डॉलरचं नुकसान वाचवलं. तिच्या संपत्तीपुढं ती रक्कम म्हणजे किरकोळच. पण २००४ साली तिला दोषी ठरवलं ते नंतरच्या गोष्टींसाठी, तपास करणाऱ्यांशी खोटं बोलण्यासाठी आणि तपासात अडथळा आणण्यासाठी. पाच महिने आत काढले. चूक लहान होती, झाकाझाक मोठी होती.

आता माझी एक गोष्ट ऐक. ही मी तुला कधी सांगितली नाही, आईलाही नाही.

आम्ही इथे आलो त्याच्या तिसऱ्या दिवाळीला मी पहिल्यांदा मोठी ऑर्डर घेतली होती, आठवतं? कारखान्यातली मराठी कुटुंबं, सांगलीची, खानदेशातली, सुट्टी मिळाली नाही की इथेच दिवाळी करतात, आणि त्यांना घरच्या चवीची चकली हवी असते. शेजारच्या गुजराती काकीही म्हणाल्या, आम्हालाही चकरी दे, आणि करंजीला इथे घूघरा म्हणतात, तेही दे. मी हावरटासारखं सगळ्यांना हो म्हटलं. शेवटच्या रात्री दोन वाजता भाजणीत मोहन जास्त पडलं. तुला माहीत आहे काय होतं ते. चकली तेलात सोडली की कडा सुटतात, वेढे मोकळे होतात आणि कढईभर नुसता भुगा तरंगतो. मी झाऱ्यानं तो भुगा काढतेय, तेवढ्यात छोटी डोळे चोळत आली आणि निथळत ठेवलेल्या अनारशांच्या ताटात तिचा हात गेला. मी तिच्या हातावर मारलं. जोरात. सहा वर्षांची होती. रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली.

सकाळी सगळे डबे फुलांच्या रांगोळीशेजारी मांडून मी फोटो काढला. तू त्यावर पहिला बदाम टाकलास. त्या फोटोत छोटी नाही, कारण ती स्वयंपाकघरात यायलाच तयार नव्हती. पुढं कित्येक महिने आली नाही.

म्हणून पांढऱ्या रंगाचं वाचलं आणि छातीत धस्स झालं. पांढऱ्या भिंतीवर तेलाचा एक शिंतोडा उडाला की तू पुसत बसशील, मला माहीत आहे तुला.

तुला आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर कमलाबाई ओगल्यांचं घे. १९१३ साली त्या कुंडलला जन्मल्या. आपल्या माहेरच्याच पट्ट्यातली बाई, शेजारी किर्लोस्करवाडी. शाळा चौथीपर्यंत. आणि १९७० साली ‘रुचिरा’ आलं, किर्लोस्करांनीच छापलं. लाखावर प्रती गेल्या, लोक त्यांना एक लाख सुनांची सासू म्हणायचे. आईची प्रत आठव. हळदीच्या बोटांचे डाग, शिवण सुटलेली. त्या पुस्तकाचं बळ मला वाटतं वाटी आणि चमच्यात आहे. घराघरात असलेल्या भांड्यानं मोजलं त्यांनी. ज्या पोरीला सासरी विचारायची सोय नव्हती, तिनं वाटी उचलावी आणि करून बघावं. नवशिक्या पोरीकडून कोणती चूक होईल ते आधी ओळखून त्यांनी लिहिलं, म्हणून पोरींचा त्यावर जीव जडला.

पण बघ, कमलाबाईंवर अशी फिल्म नाही झाली. त्या दमत होत्या का, कोणावर चिडल्या का, पहिल्यांदा हातात पैसे आले तेव्हा घरात कोण काय बोललं, हे त्यांना समोर बसवून कोणीतरी विचारायला हवं होतं. १९९९ साली त्या गेल्या. मला याची फार हळहळ वाटते. आपल्याकडं असं लिहिणारी बाई झाली नाही असं नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त नवऱ्याचा संताप, स्वतःची फजिती, उपासमार, सगळं मोकळेपणानं लिहून ठेवलं, तेही नवऱ्यावर जीव असताना. नव्वद वर्षांनी आजही ते वाचताना ती बाई शेजारी बसल्यासारखी वाटते.

आणि मार्थाला स्वतःची फिल्म आवडली नाही, हे तुला कळलं का? शेवटी ती बागेतून वाकून, एकटी चालताना दिसते. ती दृश्यं काढून टाका म्हणून तिनं सांगितलं होतं, पायाच्या शस्त्रक्रियेमुळे तशी चाल होती, आपण एकटी म्हातारी दिसतो म्हणाली. दिग्दर्शकानं काढली नाहीत. मला मात्र तिथेच ती सगळ्यांत जवळची वाटली. आपली आत्या शेवटी परसात तशीच चालायची.

तर नोकरीचं. सोड. मी अडवणार नाही, तुझ्या हाताला चव आहे आणि हिशोबाला तू माझ्यापेक्षा पक्की आहेस. पण दिवाळीपर्यंत बिनपगारी रजा मिळते का विचार. पहिल्या खेपेला पंचवीस डब्यांच्या वर ऑर्डर घेऊ नकोस, कोणी कितीही गळ घातली तरी. घाणा बिघडला तर गिऱ्हाईकाला फोन करून बिघडला म्हणून सांग, दुसऱ्या दिवशी दे. आमच्या जावईबापूंना आधीच सांगून ठेव की त्या आठवड्यात तुझा पारा चढेल. आणि रंगवाल्याला नको म्हण, ते पैसे तेलाला लागतील.

रविवारी सकाळच्या गाडीनं भिलाडला उतर, मी रिक्षा घेऊन स्टेशनवर येते. आईचा पितळी सोऱ्या तुझ्याकडे आहे, तो आण, चांदणीच्या ताटलीसकट. भाजणी मी दळून ठेवते. छोटी आता तेरा वर्षांची आहे, परवा आपणहून म्हणाली, मावशी आली की मी वेढे घालीन.