मांजराच्या पिल्लावरील पिसवा व त्यांचा घरांतून बंदोबस्त

ज्या घरांत धान्याची कोठी आहे त्या घरांत मांजर असावें, हा शेतकरी कुटुंबांतील जुना रिवाज आहे. उंदरांपासून ज्वारी-गव्हाचें रक्षण करणारें हें जनावर बहुधा आपल्या पोटाची काळजी आपणच वाहतें. त्याच्यासाठीं कोणी निराळा खर्च धरीत नाहीं. परंतु मांजरी व्याली आणि पिल्लें घरभर फिरूं लागलीं म्हणजे माणसांच्या घोट्यांपाशीं लाल पुळ्या उठूं लागतात, व मग पिसवांचा शोध लागतो. अशा वेळीं कोणी पिल्लें उचलून गांवाबाहेर सोडून येतो. तर कोणी पिकावर फवारण्याच्या औषधाचे चार थेंब पाण्यांत मिसळून त्यानें पिल्लाचें अंग पुसून काढतो. पहिल्या उपायानें घरांतील पिसवा जात नाहींत, व दुसऱ्या उपायानें पिल्लूंच जातें. म्हणून या उपद्रवाचें मूळ कोठें आहे व तें कसें उपटतां येतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

पिल्लास धोका कोणता?

पिसू म्हणजे केवळ खाज आणणारा कीटक, अशी सर्वसाधारण समजूत आहे. धट्ट्याकट्ट्या मोठ्या मांजरापुरती ती बहुतांशीं चालेल. पण पिल्लाचा हिशेब निराळा आहे. सुमारें ७० पिसू-माद्या मिळून एका दिवसांत १ मिलिलिटर रक्त ओढतात, असें मोजणींत आढळलें आहे. ३०० ग्रॅम वजनाच्या पिल्लाच्या अंगांत सगळें मिळून रक्त २० मिलिलिटरांच्या आसपास, म्हणजे चहाचे चार चमचे, असतें. अशा पिल्लावर ७० पिसवा असल्या तर रोज त्याच्या रक्ताचा विसावा हिस्सा नाहींसा होतो, आणि तेवढें रक्त नव्यानें तयार करण्याची शक्ति त्या कोवळ्या जीवांत नसते.

म्हणून प्रथम पिल्लाचें तोंड उघडून हिरड्या पाहाव्या. त्या गुलाबी असल्या तर घरच्या उपायांस अवकाश आहे. त्या फिकट अगर पांढऱ्या दिसत असतील, पिल्लूं थंड पडलें असेल किंवा दूध ओढीत नसेल, तर आंघोळ वगैरेंत वेळ न दवडतां त्यास उबदार फडक्यांत गुंडाळून त्याच दिवशीं पशुवैद्याकडे न्यावें.

दुसरा त्रास जंतांचा. पिसवांच्या अळ्या जमिनीवर पडलेलीं एका जातीच्या चपट्या जंतांचीं अंडीं खातात. पुढें ती पिसू मांजरानें अंग चाटतांना गिळली कीं जंत त्याच्या आंतड्यांत वाढतो. शेपटीखालीं काकडीच्या बीसारखे पांढरे तुकडे दिसले तर जंताचें औषधहि विचारावें. अंगणांत खेळणाऱ्या लहान मुलाच्या तोंडांत अशी पिसू गेल्यास त्यालाहि हा जंत होऊं शकतो.

पिसवांचें नांव निघालें कीं वडीलधाऱ्यांस प्लेग आठवतो. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगाची सांथ उद्भवली, व १८९८ सालीं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें कराची येथील प्रयोगांत पिसू हीच रोगवाहक असल्याचें दाखविलें. परंतु हें काम मुख्यत्वें उंदरावरील पिसवेचें होय. मांजरावर सामान्यतः आढळणारी पिसू निराळ्या जातीची असून ती त्या बाबतींत फारशी समर्थ नाहीं. तेव्हां या भीतीनें मांजर घालवून उंदरांस रान मोकळें करून देणें हें शहाणपणाचें नव्हे.

पिसवांचा जन्म व वाढ

अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे एकंदर वस्तीचा लहानसा भाग होय. मादी दिवसाला ४० ते ५० पर्यंत अंडीं घालते. तीं गुळगुळीत असल्यामुळें केसांत न राहतां मांजर जेथें निजतें तेथें गळून पडतात. दोन ते दहा दिवसांत त्यांतून बारीक अळ्या निघतात. त्या उजेडापासून पळतात, जमिनीच्या भेगांत व अंथरुणाच्या घड्यांत शिरतात, आणि वरून गळणारी पिसवांची विष्ठा, म्हणजे वाळलेलें रक्त, खाऊन वाढतात. पुढें अळी आपल्याभोंवतीं चिकट कोष विणते व त्यावर धूळ बसून तो दिसेनासा होतो.

या कोषांत सर्व अडचण सांठविलेली आहे. उबदार व दमट हवेंत कोषांतील पिसू एक-दोन आठवड्यांत बाहेर पडते. पण जवळ कोणी प्राणी नसेल तर ती कित्येक महिने आंतच दबा धरून राहते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब व श्वास यांची चाहूल लागली म्हणजे ती बाहेर उडी घेते. बरेच दिवस बंद असलेलें घर उघडतांच पायांवर पिसवा चढतात, याचें कारण हेंच. कोषास कोणतेंहि औषध सहसा भेदीत नाहीं. यावरून लक्षांत येईल कीं, नुसतें पिल्लूं धुऊन हें काम संपत नाहीं, व एका दिवसांत तर नाहींच नाहीं.

पिल्लाची स्वच्छता

उवांसाठीं आपल्या घरीं जी बारीक दातांची फणी असते, तशी एक फणी मांजरासाठीं निराळी ठेवावी. पिल्लास पांढऱ्या फडक्यावर घेऊन मान, पाठ, शेपटीचें मूळ व पोट या क्रमानें हलक्या हातानें विंचरावें. फणींत सांपडलेली पिसू नखानें चिरडण्याच्या खटपटींत निसटते. म्हणून साबणाचें पाणी भरलेली वाटी जवळ ठेवून तींत फणी बुडवावी. साध्या पाण्यावर पिसू तरंगते, साबणाच्या पाण्यांत बुडते. फडक्यावर पडलेले काळे कण पाण्यानें भिजवून पाहावे. त्यांभोंवतीं तांबूस डाग पसरला तर ती माती नसून पिसवांची विष्ठा आहे असें समजावें. हें विंचरणें सकाळ-संध्याकाळ करावें.

चार आठवड्यांखालील पिल्लास विंचरणेंच पुरें. त्यास भिजवूं नये, कारण अंगाची ऊब टिकविण्याची शक्ति त्यास आलेली नसते. त्याहून मोठें व चपळ पिल्लूं असल्यास दुपारच्या उन्हाच्या वेळीं कोमट पाण्यानें व लहान मुलांच्या सौम्य साबणानें धुण्यास हरकत नाहीं. प्रथम मानेभोंवतीं फेंसाचें कडें करावें, नाहींतर पिसवा पाण्यापासून पळून तोंडावर व कानांत जातात. तोंडावर पाणी घालूं नये. डोकें ओल्या फडक्यानें पुसून फणीनें विंचरावें. मग साबण पूर्ण धुऊन अंग टिपून घ्यावें व पिल्लूं पुरतें सुकेपर्यंत उबेंत ठेवावें.

पिल्लावरील पिसवा आईकडून व तिच्या अंथरुणांतून आलेल्या असतात. म्हणून मांजरी, घरांतील कुत्रा व इतर मांजरें यांचा बंदोबस्त त्याच दिवशीं व्हावा. ही पिसू करडांस व वासरांसहि त्रास देते; तेव्हां मांजर गोठ्यांत निजत असेल तर तीं जनावरेंहि तपासावीं.

विषाविषयीं सावधगिरी

मांजराचें यकृत कांहीं विषांचा निचरा करण्यास असमर्थ असतें, हें प्रत्येकानें पक्कें ध्यानांत ठेवावें. कुत्र्यांच्या पिसवांवरील कित्येक औषधांत परमेथ्रिन असतें. कुत्रा तें सहन करतो, पण मांजरास त्यानें कांपरें भरतें, आंचके येतात व मृत्यूहि येतो. पिकांवर मारण्याचें कोणतेंहि कीटकनाशक, कितीहि पातळ केलें तरी, मांजरास लावूं नये. रॉकेल, फिनेल, डांबराच्या गोळ्या, कापूर, तंबाखूचें पाणी व सुवासिक तेलें हींहि वर्ज्य करावीं. अंगावर लावलेलें सारें मांजर चाटून पोटांत घेतें. म्हणून बाहेरून लावण्याचें औषध तें त्याचें पोटांतलेंच औषध होय.

मांजरांसाठीं केलेलीं सुरक्षित औषधें मिळतात. पण मानेवर टाकण्याचीं बहुतेक औषधें आठ आठवड्यांच्या आंत देत नाहींत, व त्यांची मात्रा वजनावर ठरते. तेव्हां पिल्लाचें वय व वजन पशुवैद्यास सांगून, मांजरी अंगावर पाजते आहे हेंहि कळवून, मगच औषध घ्यावें. मोठ्या मांजराची मात्रा अंदाजानें अर्धी करून पिल्लास देऊं नये. चुकून विषारी पदार्थ लागलाच तर पिल्लास साबणानें धुऊन, गुंडाळून तडक दवाखान्यांत न्यावें व औषधाची बाटली बरोबर घ्यावी.

घराची स्वच्छता

खरें काम झाडूचें आहे. पिल्लांस धुतां येईल अशा जुन्या लुगड्याची एकच निजण्याची जागा करून द्यावी, म्हणजे अंडीं एके ठिकाणीं पडतील. तें कापड दर चार दिवसांनीं कढत पाण्यांत धुऊन कडक उन्हांत वाळवावें. तोंवर दुसरें घालावें. गोणपाटें व सतरंज्या उन्हांत आणून झटकाव्या. कोरड्या उन्हांत अळ्या जगत नाहींत. खाटेखालची, कोठीमागची व भिंतीकडेची धूळ रोज झाडून काढावी, आणि तो केर उकिरड्यावर न टाकतां साबणाच्या कढत पाण्यांत बुडवून मग फेंकावा. मातीच्या जमिनीच्या भेगा चिखलानें बुजवून वर सारवण करावें, फरशीच्या सांधी घासून धुवाव्या.

किती दिवस?

आठ-दहा दिवस मेहनत केल्यावर पिसवा कमी होतात आणि तिसऱ्या आठवड्यांत पुन्हा दिसूं लागतात. येथेंच पुष्कळजण निराश होऊन विषाच्या बाटलीकडे वळतात. परंतु त्या नव्या पिसवा म्हणजे पूर्वींच्या कोषांतून निघालेलें शेष होय. त्यांना अंडीं घालण्यापूर्वीं फणींत धरलें कीं पुढची पिढी खुंटते. याकरितां विंचरणें, झाडणें व धुणें हीं तिन्ही कामें निदान दोन ते तीन महिने अखंड चालवावीं. फणीवर सलग चार आठवडे एकहि पिसू अगर काळा कण न आढळला तर घर निर्मळ झालें असें समजावें. त्यानंतरहि आठवड्यांतून एकदां, आणि पावसाळ्यांत दोनदां, फणी फिरवीत जावी.